फारो, फॅरो आणि आपलं राऊळ

प्रश्न असा आहे : ‘अ‍ॅन राइस यांच्या १९८९ सालच्या “द ममी” या कादंबरीवर मी मराठीत लिहितो आहे. इजिप्तचा प्राचीन राजा रामसेस १९१४ साली लंडनमध्ये उठून उभा राहतो, पुढे क्लिओपात्राही जिवंत होते, अशी ती भयकथा. लेखाला “फॅरो रामसेसचा पुनर्जन्म” असं शीर्षक चालेल का? आणि फॅरो लिहावं, फेरो लिहावं की फॅरोह?’

चालणार नाही. तीन शब्दांचं शीर्षक आणि त्यातले दोन चुकलेले.

‘पुनर्जन्म’ आधी काढून टाका. मालिकांच्या जाहिरातींपासून पुस्तकांच्या मलपृष्ठांपर्यंत हा शब्द कुठेही चिकटवला जातो आणि ऐकून ऐकून कान किटले आहेत. पुनर्जन्म म्हणजे जुना देह सुटतो आणि जीव नव्या कुशीत जातो. जीर्ण वस्त्र टाकून नवं नेसण्याचा गीतेतला दाखला शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. इजिप्तच्या लोकांची सारी धडपड नेमकी याच्या उलट होती. तोच देह टिकला पाहिजे, म्हणून तर तो नेट्रॉन नावाच्या क्षारात सुकवून लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचे. शिवाय तुमच्या कादंबरीतला रामसेस मेलेलाच नाही. अमरत्वाचं रसायन प्यालेला तो राजा अंधारात झोपला आहे आणि उन्हानं जागा होतो. क्लिओपात्रा मात्र खरोखर मेलेली आहे, तिच्या देहावर तो ते रसायन ओततो. तेव्हा रामसेस जागा झाला आणि क्लिओपात्रा पुन्हा जिवंत झाली, असं सरळ लिहा. शुक्राचार्यांनी संजीवनी विद्येनं कचाला उठवलं, त्याला कुणी कचाचा पुनर्जन्म म्हणत नाही.

आता फारो. हो, फारोच. मराठी बायबलमध्ये योसेफाच्या आणि मोशेच्या कथेत इजिप्तचा राजा ‘फारो’ म्हणून वावरतो. तो शब्द आपल्याकडे छापून, वाचून, रुळून गेलेला असताना इंग्रजी उच्चाराच्या मागे धावत फॅरो-फेरो करण्याची गरजच काय? शेवटचा ‘ह’ तर निव्वळ स्पेलिंगची सावली आहे.

पण या शब्दाचा खरा आनंद त्याच्या पोटात आहे. मूळ इजिप्शियन शब्द ‘पेर-आ’. पेर म्हणजे घर, आ म्हणजे मोठं. चित्रलिपीत तो लिहिलेला पाहा : एक आडवा चौकोन, त्याच्या खालच्या रेघेत मधोमध फट. हा घराचा नकाशा आणि ती फट म्हणजे दार. शेजारी आडवा ठेवलेला लाकडी खांब, तो ‘मोठं’ या अर्थाचा. थोरला वाडा! पिरॅमिड उभे राहिले त्या काळात हा शब्द राजवाड्यापुरताच होता, माणसाला कुणी पेर-आ म्हणत नव्हतं. राजाला त्या नावानं संबोधायला लागले ते पुढे हजारभर वर्षांनी, अठराव्या राजवंशात, इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या आसपास. आणि राजाच्या नावाला तो किताबासारखा जोडला गेला तो आणखी काही शतकांनी, रामसेस दुसरा, म्हणजे तुमच्या कादंबरीतला राजा, जाऊन बराच काळ लोटल्यावर. म्हणजे थोरला पिरॅमिड बांधणारा ‘फारो खुफू’ तर त्या काळाला धरून नाहीच, पण ‘फारो रामसेस’ हे जोडनावही त्याच्या हयातीतलं नाही. ‘राजा रामसेस’ लिहा. बिनचूक आहे आणि मराठी आहे.

वाडा हा शब्द वाड्यातल्या माणसाला लागतो, यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. ‘मातोश्रीवरून आदेश आला’ हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. जुनी माणसं बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणायची. पण पेर-आचा सख्खा जोडीदार शोभेल असा आपला शब्द आहे ‘राऊळ’. राजकुल, त्याचं प्राकृतात राउल, मराठीत राऊळ. जसं देवकुलाचं देऊळ. अर्थ आधी राजवाडा. मग वाड्यातला धनी, थोर पुरुष. आणि देव हाच राजा मानला, की त्याचा वाडा म्हणजे मंदिर, म्हणून विठ्ठलाचं राऊळ. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांना सगळे गुंडम राऊळ म्हणत. वऱ्हाडातल्या ऋद्धिपूरच्या लीळांमध्ये, म्हणजे त्यांच्या आठवणींच्या जुन्या ग्रंथात, लोक त्यांच्याविषयी ‘राऊळ माय, राऊळ बाप’ म्हणतात. इमारतीचं नाव माणसाला लागलं आणि त्याच नावानं त्याला आईबापही म्हटलं गेलं. नाईलच्या काठी जे घडलं तेच इथं वऱ्हाडात, कसलाही संबंध नसताना, आपलं आपण घडलं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात राऊळ आडनावाची घरं आहेत. आपल्या आडनावाची घडण आणि फारोची घडण एकच आहे, हे त्यांनी अभिमानानं सांगावं.

गुंडम राऊळ या नावातला राऊळ म्हणजे ‘देवळासारखा पवित्र’ असं सांगणारे विद्वान भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. देऊळ शब्द हाताशी असताना पावित्र्य दाखवायला कुणी त्याला गुंडम देऊळ म्हटलं नाही, राऊळच म्हटलं, कारण मनात राजेपण होतं. फारोच्या बाबतीतही अशीच एक चूक झाली होती. एकोणिसाव्या शतकात विल्किन्सनसारखा नावाजलेला अभ्यासक हा शब्द ‘रा’ म्हणजे सूर्य, यावरून आल्याचं सांगत होता. चित्रलिपीचं वाचन पक्कं होत गेलं तसं ते मत मागे पडलं, तरी ‘फॅरो म्हणजे सूर्यपुत्र’ हे वाक्य आजही मराठीत बिनदिक्कत फिरतं. सूर्यपुत्र ही राजाची पदवी होती, पण ती वेगळी : ‘सा-रा’.

हा ‘रा’ खरोखर सापडतो तो रामसेसमध्ये. ‘रा-मस-सू’, म्हणजे ‘रानं ज्याला जन्म दिला’. यात प्रभू रामचंद्र शोधणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की शब्द कुठं तुटतो ते आधी पाहा. तो ‘रा’पाशी तुटतो, ‘राम’पाशी नव्हे. आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हित्ती लोकांशी झालेल्या तहाच्या मृत्तिकापट्ट्यांवर हेच नाव ‘रिआमशेशा’ असं कोरलेलं आहे. नुसत्या आवाजाच्या साम्यावर नाती जुळवणं ही व्युत्पत्ती नव्हे, आणि असल्या जुळवाजुळवीमुळे राऊळसारखं खरं सोनं झाकलं जातं.

राहिला स्त्रीलिंगाचा प्रश्न, कारण तुमच्या लेखात क्लिओपात्रा आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये कैरोत २२ राजदेहांची मिरवणूक काढून त्यांना नव्या संग्रहालयात नेलं. त्यात रामसेस दुसराही होता. त्या सगळ्यांना सरसकट ‘२२ फॅरो’ म्हणणं चूक, कारण त्यात १८ राजे होते आणि ४ राण्या. त्या चौघींपैकी स्वतः सिंहासनावर बसून फारो म्हणून राज्य केलं ते हत्शेप्सुतनं. बाकीच्या तिघी राजांच्या राण्या होत्या. क्लिओपात्रा स्वतः राज्य करणारी, म्हणून तिला फारो म्हटलं तरी चालेल, राणी म्हटलं तरी चालेल. ‘फारोण’ किंवा ‘फारोणी’ मात्र करू नका. रूपं अशी चालवा : फारोचा, फारोला, फारोंनी.