जबड्याची झीज आणि ग्लुकोसामाइन: माझा अनुभव

ताई, तुमच्या आईंचं वय ५८, तोंड उघडताना कानापुढे वाळू रगडल्यासारखी करकर, स्कॅनमध्ये सांध्याची झीज, आणि केमिस्टने हातात ठेवलेली ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन या सांधेदुखीवरच्या गोळ्यांची पट्टी. यातून कूर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, लवचिक थर) परत भरून येते का, हा तुमचा प्रश्न. नाही येत. तसा पुरावा नाही. पण म्हणून गोळी आजच फेकून द्या, असंही मी म्हणणार नाही.

सात वर्षांपूर्वी माझा उजवा जबडा असाच धरला. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी ब्रश आत जाईना. तेव्हा मीही सहा महिने या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं आणि भेटेल त्याला गोळीचं कौतुक सांगत सुटलो. त्याच काळात दातांच्या डॉक्टरांनी रात्री घालायला स्प्लिंट (दातांवर बसणारी प्लास्टिकची पट्टी) दिली होती आणि मी डाव्या बाजूने चावायला लागलो होतो, हे मात्र सोयीस्कर विसरलो! शिवाय जबड्याच्या सांध्याची झीज बऱ्याच जणांत काही वर्षांत आपोआप निवते. आवाज राहतो, दुखणं उतरतं. मधल्या काळात जे औषध चालू असेल, श्रेय त्याला जातं.

या गोळ्यांचा बराचसा अभ्यास गुडघ्यांवर झालाय. २००६ मध्ये अमेरिकेत सुमारे १,६०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. नुसती औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतही ६० टक्क्यांना आराम पडला आणि खऱ्या गोळीचा फरक एकंदरीत त्यापुढे फारसा गेला नाही. जबड्यावरचे अभ्यास छोटे आहेत. २००१ मधल्या एकात ग्लुकोसामाइन आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या बरोबरीने चाललं. २०११ मधल्या स्वीडनच्या अभ्यासात ५९ जणांना सहा आठवडे रोज १,२०० मिलिग्राम दिलं, तर खोट्या गोळीपेक्षा काहीच जास्त मिळालं नाही. आणि गुडघ्याचं जबड्याला सरळ लावताही येत नाही. इथली कूर्चा तंतुमय, वेगळ्या जातीची.

घ्यायचीच असेल तर लेबल नीट वाचा. नेहमीचा डोस म्हणजे रोज ग्लुकोसामाइन १,५०० आणि कॉन्ड्रॉइटिन १,२०० मिलिग्राम. एका गोळीत बऱ्याचदा तेवढा नसतो. आपल्याकडच्या काही गोळ्यांत डायसेरिन हे सांधेदुखीचं आणखी एक औषध मिसळलेलं असतं. त्याने जुलाब होतात आणि लघवी गडद पिवळी होते, मग घरचे कावीळ समजून घाबरतात. आई रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट केमिस्ट सांगत नाही: ग्लुकोसामाइन बहुतेक कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून. कोळंबीची ॲलर्जी असेल तर नकोच. माझ्या मावशी माळकरी. पंचवटीत त्यांना हे कळलं तेव्हा आधी चार महिने घेतलेल्या गोळ्यांचं त्यांना इतकं लागलं की पुढचा आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आणून मीच दिल्या होत्या ना.

माझ्या मते तीन महिने बघा, पण मोजून. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये मोजपट्टी धरून तोंड किती उघडतं ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे आईंची स्वतःची तीन उभी बोटं आत गेली तर उघडणं ठीक. शेजारी दुखण्याला दहापैकी गुण. तीन महिन्यांत आकडा हलला नाही तर गोळी बंद.

खरा फरक सांध्यावरचा भार कमी करण्याने पडतो. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, मिसळीसोबतचा पाव रश्श्यात पूर्ण भिजू देऊन, चिवडा-चकली-सुपारी तूर्त लांब. कणीस दाताने ओरबाडायचं नाही, दाणे सोलून उकडून. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. दिवसातून दोनदा दहा मिनिटं ओला शेक. आणि आई रात्री दात खातात का, हे बाबांना विचारा. आईंना स्वतःला ते कळणार नाही. खात असतील तर गोळ्यांचे पैसे आधी स्प्लिंटकडे वळवा.