ऑफिसातला राग घरच्यांवर निघतो. काय करावं?

वड्याचं तेल वांग्यावर! माझंही हेच व्हायचं. साहेब सगळ्यांसमोर बोलले की संध्याकाळी आमटीत मीठ कमी म्हणून मी बायकोवर डाफरायचो. एकदा मुलगी अर्धं जेवण टाकून, ताट उचलून गुपचूप आत गेली. तेव्हा जागा झालो.

मला उपयोग झाला तो भावनेला नेमकं नाव देण्याचा. 'टेन्शन आहे' हे नाव नव्हे, त्यात काहीही खपतं. मराठीत शब्दांना तोटा आहे का? वैताग, धास्ती, अपमान, हुरहुर, कुढणं. वैतागाला झोप पुरते, अपमानाला पुरत नाही, तो कुणाशी तरी बोलावाच लागतो. 2007 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं, की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-राग चेतवणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते.

आता मी बिल्डिंगखाली गाडी लावून पाच मिनिटं तशीच बसतो. मोबाइल खिशात. आज नक्की काय खुपलं, ते स्वतःशी पुटपुटतो. वॉचमनला वाटत असेल मला वेड लागलंय, वाटू दे. वर गेल्यावर सरळ सांगतो, "आज डोकं फिरलंय, तुझ्यावर नाही, अर्धा तास दे."

योगा-बिगा जमला तर करा, मला नाही जमला.

मात्र दोनेक आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर हे उपाय पुरे पडणार नाहीत. 14416 वर फोन करा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.