'स्पीड पॅकेज' घेण्याआधी मूठ सैल करा

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्यावाचून राहवलं नाही. गोल्फच्या सराव-रेंजवर सात नंबर आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे काठी) सरळ जातं, मैदानावर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला की चेंडू उजवीकडे माडांत. उजव्या कोपराची आतली बाजू ठणकते. आणि कोच म्हणतात वेग कमी पडतोय, तीन महिन्यांचं 'स्पीड पॅकेज' घ्या. हे सगळं माझ्या वाट्याला आलेलं आहे, आणि याच क्रमाने. पॅकेज घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर : नको. निदान आत्ता तरी नको.

मी कोच नाही, डॉक्टरही नाही. मडगावात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी खेळणारा माणूस आहे. तुमचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, पाहिलेला नाही, त्यामुळे माझं चुकूही शकतं. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून चाललोय. स्टान्स, बॉलची जागा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते गोव्याबाहेरच्या एका शहरातल्या इनडोअर अकादमीने. नाव लिहीत नाही. समोर मोठा पडदा, दर फटक्यानंतर त्यावर क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या डोक्याचा, वेग. कोचचं सगळं लक्ष त्या एका आकड्यावर. आकडा वाढला की शाबासकी, कमी झाला की "अजून जोर लावा." चेंडू क्लबच्या मध्यावर बसतोय की टोकाला, ही नोंदही तेच मशीन ठेवत होतं, पण ती कुणी उघडून दाखवली नाही. मग सांगितलं, तुमचा शाफ्ट (क्लबचा दांडा) मऊ पडतोय, एक्स्ट्रा स्टिफ घ्या. तोही त्यांच्याच दुकानातून. तो इतका ताठ की क्लबचं डोकं कुठे आहे ते हाताला कळेना. मग मूठ आपोआप आवळली जायची. मूठ आवळली की मनगटं अडकतात, मनगटं अडकली की खांदेच क्लब ओढून आणतात. म्हणजे जो दोष काढायला गेलो तोच त्यांनी पैसे घेऊन पक्का करून दिला.

कोपर दुखायला लागल्यावर उरलेली सेशन्स पुढे ढकला म्हणून विनंती केली. काउंटरवर म्हणाले, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. ते नेलं, तर हेड ऑफिसला ईमेल करा. हेड ऑफिसने कळवलं, शाखेशी बोला. शाखेत मॅनेजर रजेवर. या टोलवाटोलवीत मुदत संपली आणि पैसे बुडाले. पण माझा खरा राग पैशांचा नाही. इतक्या महिन्यांत तिथल्या एकाही माणसाने माझी मूठ दाबून पाहिली नाही.

ते केलं इथल्या एका फिजिओने. त्यांनी क्लब घेऊन यायला सांगितलं, नुसता धरून उभं राहायला लावलं आणि कोपराखालचा स्नायू अंगठ्याने दाबला. समोर चेंडू नाही, मारायचं काही नाही, तरी स्नायू टणक. "हात आत्ताच भांडतोय," म्हणाले. तुम्हीही घरी कुणाला तरी असंच दाबून बघायला सांगा. आणि डाव्या हाताचा जुना ग्लोव्ह काढून तळव्याची बाजू पाहा. करंगळीच्या खाली, मनगटाजवळच्या गादीवर कातडं झिजून भोक पडलं असेल, तर क्लब वर पोचल्यावर तुमच्या हातात सरकतोय आणि खाली आणताना तुम्ही तो परत करकचून पकडताय. माझ्या ग्लोव्हला तिथे रुपयाएवढं भोक होतं. चेंडू उजवीकडे जाण्याचं मूळ बहुतेक वेळा त्या पकडण्यात असतं. खाली येताना आधी कंबर, मग छाती, मग हात आणि सगळ्यात शेवटी क्लब यायला हवा. वरूनच हिसका दिला की खांदे पुढे धावतात, क्लब बाहेरून आत कापत येतो, क्लबचं तोंड उजवीकडे उघडं राहतं आणि चेंडू वळतो उजवीकडे.

आता वेगाचा हिशेब. ड्रायव्हरच्या अगदी मध्यावर चेंडू बसला तर तो क्लबहेडच्या साधारण दीडपट वेगाने सुटतो. ताशी ९० मैल वेगाने फिरवून जवळपास मध्यावर लागला, गुणक १.४८ धरा, तर चेंडूचा वेग १३३. जोर लावून ९६ केला आणि चेंडू टोकाकडे लागून गुणक १.३६ वर घसरला, तर १३१ सुद्धा भरत नाही. सहा मैल कमावून चेंडू हळूच गेला, वर वाकडा. हा गुणाकार त्या अकादमीत कुणीतरी एकदा करून दाखवायला हवा होता.

पण 'हळू फिरवा' हा जो सल्ला सगळे देतात, तोही मला पटत नाही. माणूस क्लब इतका रेंगाळत वर नेतो की वर पोचेपर्यंत अंग आखडतं, आणि मग हिसका ठरलेलाच. टूरवरच्या व्यावसायिक खेळाडूंचा अख्खा स्विंग साधारण एका सेकंदाचा असतो. जॉन नोव्होसेल या अमेरिकन माणसाने त्यांचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेम मोजले, तेव्हा वर जाण्याचा आणि खाली येण्याचा वेळ पुन्हा पुन्हा तीनास एक निघाला : सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत २१ आणि ७, २४ आणि ८, किंवा २७ आणि ९. गोल्फपटू एर्नी एल्स चार मेजर (गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकला, त्याचा स्विंग इतका निवांत की नावच पडलं 'बिग ईझी'. निक प्राइस तीन मेजर जिंकला, त्याचा स्विंग झटपट. त्यामुळे तुमची चाल कुठली ते तुमच्या अंगाला ठरवू द्या. दोघांच्याही स्विंगमध्ये वरून खाली वळताना हिसका दिसत नाही, तेवढं बघून घ्या.

ही लय अंगात मुरवायला मला सगळ्यात उपयोगी पडला तबला. तबलावादक खाप्रूमाम पर्वतकरांसारखा लयभास्कर गोव्याच्या मातीने दिला. आपल्याला तर फक्त पाच मात्रा सांभाळायच्या आहेत. तीनतालाची सुरुवात घ्या : धा धिं धिं धा, धा. पहिल्या 'धा'ला क्लब हलवायला सुरुवात, चौथ्या मात्रेला क्लब वर, पाचव्या मात्रेच्या 'धा'वर चेंडू. वर जायला तीन मात्रांचं अंतर, खाली यायला एका मात्रेचं. फोनवरच्या तबला ॲपमध्ये मिनिटाला सुमारे २२० मात्रा लावल्या की २४-८ च्या आसपास बसतं. ऐकायला ती लय जलद वाटते, पण हात सैल असतील तर अंग सहज पोचतं, आणि आवळलेले असतील तर चौथी मात्रा हमखास चुकते. आधी चेंडूशिवाय करा, मग वेजने (जवळच्या फटक्यांचा क्लब) अर्धा स्विंग, मग सात नंबर. ड्रायव्हर शेवटी, आणि लय तीच ठेवून. मूठ दहापैकी चार इतक्याच जोराने धरा आणि चेंडू सुटेपर्यंत ती चारच राहू द्या. सुरुवातीला चार सगळेच धरतात, वर पोचल्यावर त्याचे आठ होतात.

गोव्यातली एक अडचण बाहेरच्या कोचना कळत नाही, ती म्हणजे घाम. दमट हवेत ग्रिप ओली झाली की कितीही ठरवलं तरी हात आवळतोच. ग्रिप कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुऊन पुसत जा, गुळगुळीत झाली असेल तर कॉर्डची (धागे मिसळलेल्या रबराची) बसवा. पॅकेजपेक्षा कितीतरी स्वस्तात पडतं. दोन ग्लोव्ह आलटून पालटून वापरा, सावलीत सपाट ठेवून वाळवा. पावसाळ्यात रेन ग्लोव्हची जोडी घ्या, ते ओले झाले की उलट जास्त पकडतात. दुसरी अडचण वारा. दक्षिण गोव्यातल्या मोबोरच्या मैदानाला एकीकडे समुद्र, दुसरीकडे साळ नदी. दुपारी समोरून वारा आला की माणूस जोर लावतो. जोराने मारलं की बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढतो, चेंडू वर चढतो आणि तिथेच पडतो. एक क्लब जास्त घ्या, म्हणजे एक नंबर लांब मारणारा, आणि त्याच लयीत फिरवा.

कोपराबद्दल : आतली बाजू दुखत असेल तर थोडे दिवस चेंडू मारणं बंदच ठेवा. लयीचा सराव नुसत्या हातांनीही होतो. करंगळीत किंवा तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील तर माझं काही ऐकू नका, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पॅकेजचे पैसे आधीच भरले असतील तर पावती आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतात. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

जमलं तर ड्रायव्हरचा एक व्हिडिओ टाका. छातीसमोरून, फोन कमरेच्या उंचीवर टेकवून, चेंडू आणि हात दोन्ही दिसतील असा. स्लो मोशन नको, साधाच काढा. फ्रेम मोजून तुमचं प्रमाण किती येतं ते मी कळवतो.