आजींना आधी विचार, लहानपणी कुठं होतात

अगं,

तुझा मेसेज वाचला. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या आजींना मेमरी कॅम्पला, म्हणजे स्मरणशक्तीच्या तपासणीला, तीसपैकी सोळा मार्क पडले, तू फॉर्मवर 'डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) शक्यता' लिहून मोकळी झालीस आणि आता जीव खालीवर होतोय म्हणतेस. होऊ देऊ नकोस, पुढच्या कॅम्पला त्यांना परत बसवता येईल. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, कारण ट्रेनिंगमध्ये ही लोकं दहा मिनिटांत उरकतात.

मार्क कमी असणं वेगळं आणि कमी होत जाणं वेगळं. पहिलं बरंचसं लहानपणीच ठरलेलं असतं, म्हणजे शाळा किती लांब होती, घरात अभ्यासाला कोपरा होता का, आजूबाजूला वाचणारं कुणी होतं का, दिवसभर कानावर काय आदळायचं. दुसरं म्हणजे आजार असू शकतो. आणि एका सकाळच्या टेस्टमध्ये दोन्ही अगदी सारखेच दिसतात, तिथंच सगळी गोची आहे.

स्कॉटलंडमध्ये १९४७ साली १९३६ ला जन्मलेल्या जवळपास सगळ्या पोरांची एकच बुद्धिचाचणी घेतली होती. त्यातल्या हजाराहून जास्त जणांना सत्तरीत एडिंबराच्या भागातून शोधून काढून परत बसवलं, तर माणसामाणसातला जवळपास निम्मा फरक अकराव्या वर्षीच पडलेला होता! पुढे संशोधकांनी यांचे लहानपणापासूनचे पत्ते गोळा करून जवळपास बागा किती होत्या तेही मोजलं, आणि ज्यांना लहानपणी आणि मोठेपणीही बाग जवळ होती त्यांची ७० ते ७६ मधली घसरण जरा मंद निघाली. जराच हं. आणि बागेजवळ घर कुणाला परवडतं हे तुला मी काय सांगू, तलावपाळीच्या आसपासचे भाव तू बघतेसच. वस्तीचा परिणाम कुठला आणि खिशाचा कुठला, हे सोडवणं महाकठीण असतं.

म्हणून मला न्यूयॉर्कचा तो १९७५ चा अभ्यास जास्त आवडतो. एकच शाळा, एका बाजूच्या वर्गांना लागून उंचावरून ट्रेन जायची आणि दुसरी बाजू शांत. ट्रेनच्या बाजूची मुलं वाचनात मागे, सहावीपर्यंत जवळजवळ वर्षभराने. नंतर रुळांखाली रबर घातलं, वर्गात आवाज शोषणारं छत बसवलं आणि फरक गेला. म्युनिकला १९९२ मध्ये विमानतळच हलवला तेव्हा नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लांब पल्ल्याची स्मरणशक्ती घसरली, जुन्याजवळच्यांची सुधारली. आता नवी मुंबईच्या विमानतळाजवळ, उलव्याला डोकं वर करून बघ आणि तिथल्या शाळांचा विचार कर. हे सगळं मुलांबद्दलचं आहे, म्हातारपणाबद्दल थेट नाही, पण वाचन कच्चं राहिलं की शिक्षण लवकर सुटतं, आणि कमी शिक्षण हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या रिपोर्टमधल्या डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या १४ कारणांपैकी एक आहे. हवेचं प्रदूषण पण त्यातच आहे, कमी ऐकू येणं पण.

शिशाचं तर कुणाच्या लक्षातच येत नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ ला जन्मलेल्या मुलांच्या रक्तातलं शिसं अकराव्या वर्षी मोजलं होतं, ज्यांचं जास्त होतं त्यांचा बुद्ध्यांक ३८ व्या वर्षापर्यंत खाली आलेला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणजे जुन्या आग्रा रोडच्या कडेला ट्रकच्या धुरात क्रिकेट खेळलेली पोरं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, तुझ्या कॅम्पला अजून यायचीयेत.

तर फॉर्मवरचा पत्ता बघून काही ठरवू नकोस. नवी मुंबई तर ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिलीये, घणसोली किंवा दिवाळे गावच्या आजोबांच्या लहानपणी तिथं सेक्टर नव्हते, भातशेती होती, मिठागरं होती. ठाण्यातले निम्मे आजोबा तर परळच्या चाळीत नाहीतर साताऱ्याकडे वाढलेले असतात. 'दहा वर्षांच्या होतात तेव्हा घराबाहेर पडल्यावर काय दिसायचं' असं विचार आणि गप्प बस, लोकं भरभरून बोलतात. पाणी कुठून आणायचात, शाळा का सुटली, हे त्यातच येतं.

आता तुझ्या आजी. टेस्टमध्ये बघून दोन पंचकोन काढायला दिलेस ना? माझ्यासमोर अशाच एक आजी बसल्या होत्या, पेन्सिल मुठीत धरली होती, सुरी धरतात तशी, कागद फाटला. त्याच आजी हलवा आणि बोंबलाचे वाटे लावताना कुणाकडे किती उधारी राहिली हे तोंडपाठ सांगायच्या. तिकडे हरियाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी वेगळी हिंदी टेस्ट मुद्दाम बनवावी लागली ती याचसाठी. आपला मराठी फॉर्म त्या तोडीचा आहे का, हे सरांना जरूर विचार, चिडले तर चिडू दे.

घसरण शोधायची तर घरच्यांना विचार. सुनेला विचार की दोन वर्षांपूर्वी जे जमत होतं आणि आता अडतं असं काय आहे. उधारी चुकते का? बाजारातून घरी यायचा रस्ता चुकला का? उत्तर हो आलं तर तुझे सोळा मार्क खरे धर आणि न्यूरोच्या ओपीडीची चिठ्ठी दे, उशीर नको. नाही आलं तर ते 'शक्यता' खोडून, बाजूला शिक्षण आणि लहानपणचं गाव लिहून सहा महिन्यांनी परत बोलव.

आणि हो, टेबल रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब लाव. मागच्या वेळी बाहेर हॉर्न वाजत होते आणि तू प्रश्न पुटपुटत होतीस. कान आधी तपासून घे, चष्मा आणलाय का बघ, मग टेस्ट.

ताई