पहिल्याच दिवशी नवा गेमिंग कन्सोल घ्यायचाय?

उत्सुकता वाटणारच, वाटायलाच हवी. नवी पिढी सहा-सात वर्षांतून एकदा येते. पण जगात लाँच झाला म्हणजे आपल्याकडेही आला, असं धरून चालू नकोस. सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस५) अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. त्याआधी १२ जानेवारीला प्री-ऑर्डर उघडली आणि काही मिनिटांत साठा संपला. म्हणून विक्रीच्या साइटवर खातं, पत्ता, कार्ड आधीच भरून ठेव. तरीही हुकलं, तर दुप्पट भाव लावणाऱ्याच्या दारात जाऊ नकोस. माल पुन्हा येतो, आणि पक्कं बिल नसेल तर वॉरंटीचं काम अडतं.

टेप घेऊन टीव्हीखालचा कप्पा आत्ताच मोज. तो पहिला पीएस५ तब्बल ३९ सेंटीमीटर उंच होता. आडवा ठेवला तरी हवा खेळायला मागे जागा लागतेच. जुन्या पीएस४ च्या डिस्क असतील तर डिस्क ड्राइव्हवालं मॉडेलच बघ. आणि तेव्हाचे ४९,९९० रुपये हे फक्त कन्सोलचे होते. गेम आणि दुसरा कंट्रोलर वेगळा धर. दुसरा कंट्रोलर मात्र नक्की घे, भावंडांसोबत खेळण्याची मजा औरच.