वाचक विचारतात : सैन्याचं हत्यार ठरवतं कोण?

प्रश्न : मुलगा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आहे. घरी रोज वाद होतो. सैन्यानं काय विकत घ्यायचं ते मंत्री ठरवतात, कंपन्या, की जवान? खासदारांच्या पत्रानं काही होतं का?
– एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर (तोफखान्यातले निवृत्त सुभेदार) : भाऊ, सही वरच होते. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण संपादन परिषद गरज मान्य करते. ही परिषद कारगिलनंतर २००१ मध्ये आली. मोठा व्यवहार सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीकडे जातो. पण अर्धी निवड त्याच्या कितीतरी आधी, हत्यार कसं हवं याच्या अटी लिहितानाच होऊन जाते.

अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी मागवलेल्या १२ हेलिकॉप्टरांचंच बघा. आधीची अट ६,००० मीटर उंचीवर उडण्याची होती, तेव्हा एकच कंपनी उरत होती. पुढे उंची ४,५०० मीटर केली आणि केबिन किमान १.८ मीटर उंच हवी असं घातलं. पुन्हा एकच कंपनी उरली, फक्त ती दुसरी होती! सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०१३ च्या अहवालात हे नोंदवलं. २०१० चा करार जानेवारी २०१४ मध्ये रद्द झाला. म्हणून मी म्हणतो, अटींच्या कागदापर्यंत कोण पोचलं ते आधी विचारा.

जवानाचं म्हणणं चाचणीत कळतं. राजस्थानच्या उन्हात तोफेच्या लोखंडाला उघडा हात लावता येत नाही, आणि पहाडात थंडीचे जाड हातमोजे घालून बारका खटका दाबता येत नाही. हे दिल्लीतल्या टेबलावर दिसत नाही. अटी लिहिणाऱ्यांत तोफ चालवलेला माणूस हवाच, यावर मी अडून आहे.

आता पत्रांचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्या आयुध निर्माण्या चालवणारं सरकारी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. तुमच्या मुलाची निर्माणी त्यातल्या ‘यंत्र इंडिया’ कंपनीत गेली. स्पर्धा तर दाराशीच आहे : १० लाख नव्या हातबॉम्बांचं काम २०२० मध्ये नागपूरच्याच खासगी कंपनीला मिळालं. अशा वेळी आपल्या कारखान्याला काम द्या म्हणून खासदारांनी लिहिलं तर त्यात गैर काही नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. मात्र त्यासाठी हत्याराची अट सैल करा, असं कुणी लिहीत असेल तर मुलाला त्यावर सही करू देऊ नका. वेळेवर माल आणि तपासणीत कमी नापास नग, एवढं युनियननं आकड्यांनिशी मांडलं तरी पत्राला वजन येईल.