सदतीस मिनिटांचा हिशेब

घणसोलीच्या एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांच्या 63 वर्षांच्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या रात्री आयसीयूमध्ये 2.10 वाजता त्यांचे हृदय बंद पडले. मृत्यूनंतर मिळालेल्या सारांशात व्हीएफ (हृदय ठोके न देता नुसते थरथरणे), विजेचे तीन शॉक, त्यानंतर सीपीआर (छाती दाबणे), 2.47 वाजता खाटेवरच छाती पुन्हा उघडली आणि 3.25 वाजता मृत घोषित, एवढीच नोंद आहे. कुटुंबीय खाली लॉबीत बसलेले असूनही त्यांची संमती घेतली नाही, छाती सर्जनने न उघडता रात्रपाळीच्या डॉक्टरने उघडली आणि सुरुवातीला छाती दाबण्याऐवजी शॉक देत राहिले, अशा त्यांच्या तीन तक्रारी आहेत. रुग्णालय केसपेपर देत नाही, घटनेला चौदा महिने झाले आहेत आणि पोलिसांत गुन्हा नोंदवता येईल का, हा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या तिन्ही तक्रारींमागचा संताप मी समजू शकतो. परंतु त्या ज्या स्वरूपात आपण मांडल्या आहेत त्या स्वरूपात टिकतील असे मला वाटत नाही. मात्र आपल्याच पत्रात एक चौथी तक्रार दडलेली आहे, जिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही, आणि माझ्या मते प्रकरणाचे सारे वजन तिच्यातच आहे.

आधी शॉकविषयी. रस्त्यात कोसळलेल्या माणसाची छाती ताबडतोब दाबायला घ्यावी, हे आता बहुतेकांना ठाऊक असते आणि म्हणूनच तसे झाले नाही की हयगय झाली असे वाटते. परंतु ज्याचे छातीचे हाड दोन-तीन दिवसांपूर्वी कापून तारांनी पुन्हा बांधलेले आहे, त्याच्यासाठी नियम वेगळे आहेत, कारण अशी छाती जोराने दाबल्यास हृदयाला किंवा नव्याने जोडलेल्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. युरोपातील हृदयशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2009 मध्ये आणि अमेरिकेतील सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सने 2017 मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार व्हीएफमध्ये, एका मिनिटाच्या आत देता येत असतील तर, एकापाठोपाठ तीन शॉक आधी द्यायचे आणि ते निष्फळ ठरल्यावर छाती दाबायची. एरवी सर्रास दिला जाणारा अॅड्रेनलिनचा पूर्ण डोसही येथे टाळायचा, कारण हृदय सुरू होताच रक्तदाब उसळला तर टाके फाटू शकतात. म्हणजे ज्याला आपण चूक म्हणता ती प्रत्यक्षात योग्य सुरुवात होती. उलट तपासात ही गोष्ट आपल्याविरुद्धच मांडली जाईल, तेव्हा तक्रारीत ती घालूच नये.

संमतीचेही तसेच आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही हे स्पष्ट केले खरे, पण जीव वाचवण्यासाठी जे तातडीने करणे भाग आहे आणि ज्यासाठी थांबणे अवाजवी ठरेल, ते त्यातून वगळले. रुग्णाच्या हितासाठी सद्भावनेने, संमती मिळवणे शक्य नसताना केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 चे संरक्षणही आहे. शिवाय बायपासपूर्वी वडिलांनी सही केलेल्या फॉर्ममध्ये रक्तस्राव झाल्यास छाती पुन्हा उघडण्याचा उल्लेख असण्याची शक्यता मोठी आहे. लॉबीत येऊन विचारण्यात वेळ घालवला असता, तर आज आपण नेमकी त्याचीच तक्रार केली असती, हे मी जरा कठोरपणे पण प्रामाणिकपणे सांगतो.

राहिला रात्रपाळीचा डॉक्टर. वर सांगितलेली तत्त्वे छाती सर्जननेच उघडावी असे म्हणत नाहीत. सर्जन पोहोचेपर्यंत वाट न पाहता आयसीयूतल्या प्रशिक्षित व्यक्तीने ती उघडावी, असा त्यांचा रोख आहे, कारण शॉकने हृदय सुरू झाले नाही तर छाती पाच मिनिटांत उघडली जावी हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण दहाव्या दिवसापर्यंत हे लागू धरले जाते. छाती उघडल्यावर हृदयाभोवती साचून त्याला आवळणारे रक्त काढता येते, फुटलेली जागा बोटाने दाबून धरता येते आणि हृदय थेट हाताने दाबता येते. बाहेरून दाबण्याने यातले काही साधत नाही.

आता ती चौथी तक्रार. आपल्या सारांशातील वेळा पुन्हा पाहा. 2.10 आणि 2.47. मधली सदतीस मिनिटे कशात गेली? सर्जनच्या फोनची वाट पाहण्यात, तारा कापण्याचे साहित्य शोधण्यात, की मध्यंतरी हृदय काही काळ सुरू होऊन पुन्हा बंद पडले? शेवटचे उत्तर खरे असेल तर रुग्णालयाची बाजू बळकट होते आणि ते आधी कळलेले बरे. पहिली दोन खरी असतील, तर हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने रात्रीच्या वेळी अशा प्रसंगाची तयारी ठेवली नव्हती असा निष्कर्ष निघतो, आणि हा दोष त्या रात्री धावपळ करणाऱ्यांचा नसून व्यवस्थापनाचा ठरतो. आपण जाता जाता लिहिले आहे की संध्याकाळी सिस्टरने 'ड्रेन आता थांबला आहे, चांगले आहे' असे सांगितले होते आणि तेव्हा रक्तदाब कमी दिसत होता. ड्रेन म्हणजे छातीत साचणारे रक्त बाहेर काढणारी नळी. तो हळूहळू थांबणे बहुधा चांगलेच असते; मात्र तो एकाएकी थांबला, रक्तदाब घसरला आणि मानेच्या मोठ्या शिरेतला दाब वाढत गेला, तर नळी गुठळीने बंद होऊन रक्त आत साचत असल्याचा संशय घ्यायला हवा होता. हे तासागणिक नोंदीच्या तक्त्यावरूनच ठरेल, आपल्या किंवा माझ्या तर्कावरून नाही.

म्हणून पहिले काम केसपेपरचे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागणी झाल्यावर 72 तासांत द्याव्या लागतात. कागदपत्रे देण्याचे बंधन मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात मान्य केले आहे. 'पोलीस केस नाही म्हणून देता येत नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडून लेखी अर्ज करावा, रुग्णालयाच्या आवक विभागाचा शिक्का घ्यावा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवावी. अर्जात केवळ 'सर्व कागदपत्रे' न लिहिता तासागणिक नर्सिंग चार्ट, ड्रेनची नोंद, औषधांचा तक्ता, कोड ब्लूचा (हृदय बंद पडल्यावरच्या धावपळीच्या नोंदीचा) कागद, डिफिब्रिलेटरची (शॉक देणाऱ्या यंत्राची) छापील पट्टी, रक्तपेढीतून रक्त आल्याची वेळ आणि त्या रात्रीचे ड्यूटी रोस्टर यांची नावे घालावीत. सीसीटीव्हीचे चित्रण चौदा महिन्यांनी उरले असण्याची आशा फारशी नाही.

पोलिसांत जावे का? घटना 1 जुलै 2024 नंतरची असल्याने हयगयीने मृत्यू घडवण्याबाबतचे भारतीय न्याय संहितेचे कलम 106(1) लागते आणि नोंदणीकृत डॉक्टरसाठी त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू प्रकरणातील 2005 च्या निकालानुसार फौजदारी दायित्वासाठी हयगय घोर स्वरूपाची असावी लागते आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते. आज आपल्या हाती चार ओळींचा सारांश आहे. तेवढ्यावर प्रतिकूल मत आले तर ते पुढे प्रत्येक ठिकाणी आपल्यासमोर ठेवले जाईल. सध्या हा मार्ग धरू नये.

ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्यात येते हे व्ही. पी. शांता प्रकरणात 1995 मध्ये ठरले, आणि बिलाचा काही भाग विमा कंपनीने दिला म्हणून त्यात फरक पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, आपल्याकडे दहा महिने उरले आहेत आणि विलंब माफीच्या तरतुदीवर विसंबू नये. आपण बिल 6 लाख 40 हजारांचे लिहिले आहे. 50 लाखांपर्यंत प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि 5 ते 10 लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क 200 रुपये आहे. रुग्णालय रायगड जिल्ह्याच्या हद्दीत असल्याने अलिबागला जावे लागेल अशी भीती आपण व्यक्त केली आहे. तसे नाही, तक्रारदार राहतो तेथेही तक्रार करता येते आणि घणसोली ठाणे जिल्ह्यात आहे. आई, बहीण आणि आपण, असे तिघे वारस तक्रारदार व्हावेत.

तक्रार लिहिण्यापूर्वी केसपेपर एखाद्या हृदयशल्यचिकित्सकाला किंवा कार्डिॲक भूलतज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्यावे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही हे 2010 च्या व्ही. किशन राव प्रकरणात म्हटले असले, तरी पाच मिनिटांत छाती उघडली असती तर वडील वाचले असते काय, हा येथील कळीचा प्रश्न आयोग तज्ज्ञाविना सोडवणार नाही. हयगय प्रथमदर्शनी दिसली की काळजी घेतल्याचे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते, हे सविता गर्ग प्रकरणात 2004 मध्ये ठरलेले आहे. ते प्रकरणही एका हृदयरोग संस्थेविरुद्धचेच होते.

शेवटी, आपण त्या रात्रपाळीच्या डॉक्टरला पहिला सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष) करण्याचे ठरवले आहे. माझ्या मते रुग्णालय आणि शस्त्रक्रिया करणारे सर्जन एवढेच सामनेवाले पुरेसे आहेत, कारण कर्मचाऱ्यांच्या कृतीला रुग्णालय जबाबदार असतेच. 2.10 वाजता त्याने कोणाला फोन केला, उत्तर किती वाजता आले आणि तारा कापण्याचे साहित्य कोठून आणावे लागले, हे शपथेवर सांगू शकणारा बहुधा तो एकटाच आहे. त्याला आरोपीच्या जागी बसवल्यास तो स्वतःच्याच बचावात गुंतेल.